सडकेवरची फांदी

उदाराम गोंदियाच्या मालधक्क्यावर आला तेव्हा मी बॉयलरवर होतो आणि माझा अंगठा बांबूवर होता. कोहमाऱ्याच्या एका गिरणीचा तो बॉयलर ट्रेलरवर चढवून झाला होता, साखळ्या आवळायच्या राहिल्या होत्या. उंची मापायची आमची रीत अशी, की माझा क्लीनर बिसराम खाली बांबूचं बूड जमिनीला टेकवून उभा राहतो, मी मालावर चढतो, आणि मालाचं सगळ्यात उंच टोक बांबूला जिथं येतं तिथं अंगठा दाबतो. मग विळ्यानं खाच पाडायची. ती खाच म्हणजे गाडीचं डोकं. तो बांबू घेऊन आधी रस्त्यानं जायचं आणि वाटेतल्या प्रत्येक फांदीखाली, प्रत्येक तारेखाली तो उभा करून बघायचा. खाच अडली नाही तर गाडी अडत नाही. उदाराम माझा साळा. कोहमाऱ्याहून येणाऱ्या मोटारीतून उतरून तो सरळ धक्क्यावर आला होता. पायात चपला नव्हत्या. त्यानं वर बघून हाक मारली, "भाऊजी, खाली उतरा." मी म्हटलं, "थांब, खूण करू दे." "उतरा ना जी." "काऊन? झालं काय?" तो माझ्याकडे न बघता बिसरामकडे बघून म्हणाला, "बाई गेली. पहाटंच." बाई म्हणजे त्याची थोरली बहीण. माझी बायको, वच्छला, माहेरी गेलेली.

मी उतरलो नाही. बॉयलर चैत्राच्या उन्हात तापला होता, गुडघे भाजत होते, आणि अंगठा हलला तर खूण जाईल एवढंच मला कळत होतं. मी म्हणालो, "विळा द्या." बिसरामला बांबू सोडता येत नव्हता. शेवटी उदारामच ट्रेलरवर चढला आणि त्यानं मला विळा दिला. मी दोन्ही बाजूंनी नीट खाच पाडली आणि मगच खाली आलो.  बिसरामनं मला धरलं तरी बांबू त्याच्या दुसऱ्या हातात तसाच उभा होता. कोणीतरी पाणी आणलं. उदाराम सांगत होता की परवा ती दिवसभर अंगणात वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांपाशी बसली, संध्याकाळी अंग तापलं, ऊन लागलं म्हणून कैरीचं पन्हं पाजलं, तळपायाला कांदा चोळला. काल बरी होती. रात्री पुन्हा ताप चढला, पहाटं गोरेगावच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून खाचर, छोटी बैलगाडी, जुंपलं, बैल दारात उभे होते. मी ऐकत होतो आणि बॉयलरच्या वरच्या नळीकडे बघत होतो. त्या नळीचं तोंड कारखान्यातच रिबिटांनी पक्कं बसवलेलं होतं. ते काढता येत नव्हतं. उंची सगळी त्या नळीची होती.

गाडीचे मालक शेठ धक्क्यावरच होते. ते म्हणाले, "गाडी ले जा, चैतराम. माल को यहीं रहने दे." बिसरामनं ट्रेलर सोडवला. आमची गाडी डिस्पोजलची. लढाई संपल्यावर मिलिटरीनं ज्या गाड्या विकून टाकल्या त्यांतली ही एक. समोरून बघितलं तर बैलासारखी दिसते, आणि मालाशिवाय पळवली तर उड्या मारते. मी तिला इतकी हलकी कधी चालवली नव्हती. गोरेगाव गेलं, जंगल लागलं. उदाराम बाजूला बसून रडत होता आणि मला रडू येत नव्हतं. हात चाकावर होते आणि पाय त्यांचं त्यांचं काम करत होते. बोरटोल्याच्या, वच्छलाच्या गावाच्या, अलीकडं मोहाचं झाड दिसलं. झाड उदारामच्या भाताच्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर आहे, पण त्याची एक फांदी सडकेवर आडवी आली आहे, जाड, माणसाच्या मांडीएवढी. त्या फांदीखालून गाडी जाताना माझ्या डोळ्यांनी ती मापली. मी मापली नाही, डोळ्यांनी मापली. बॉयलर नाही जाणार, असं मनात आलं. हातभर तरी अडेल. मी माझ्या बायकोच्या मयताला चाललो होतो आणि माझ्या मनात आलेली पहिली पुरी गोष्ट ही होती.

ती फांदी वच्छलाची होती. तिच्या बापानं मरायच्या आधी सांगून ठेवलं होतं, बांधीत पडलेली फुलं लेकाची, सडकेवर पडलेली लेकीची. तेव्हा लेकीला शेतात कोणी वाटा देत नसे. त्यानं एवढा दिला. गावातले लोक हसले, सडक सरकारची, म्हातारा कोणाचं कोणाले वाटून राहिला म्हणून. पण वच्छलानं ती फांदी शेतासारखी धरली. दर चैत्रात ती माहेरी जायची. अंधार फिटायच्या आत सडक झाडून काढायची, कारण एकदा खाचरं चालू झाली की चाकाखाली फुलं जातात. मग वेचत बसायची. वाळवून एक पोतं गोंदियाला घेऊन यायची, मोटारीच्या टपावर. घरात पाऊस येईपर्यंत मोहाचा वास असायचा. ती फुलं भाजून तिळाबरोबर कुटायची आणि मी बाहेर निघालो की फडक्यात बांधून द्यायची. मी तिला एकदा म्हटलं होतं, "एवढ्यासाठी महिनाभर जाते, बाजारात मिळतात की." ती म्हणाली, "बाजारातली बाजाराची हायेत. हे माझी हायेत." 

अंगणात तिला निजवलं होतं. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. बायका म्हणत होत्या, अहेव गेली, नशीबवान. मला त्यांचा राग आला नाही. असं म्हणतातच. तिच्या उशापासून थोड्या अंतरावर तिनं वाळत घातलेली फुलं होती, अर्धी वाळलेली, अर्धी ओली, आणि लोक येताना जाताना त्यांना वळसा घालून चालत होते. एवढ्या गर्दीतही कोणी त्यावर पाय दिला नाही. तिची आई धुरपताबाई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून ती रडली नाही. म्हणाली, "या जवाई. जेवला का?" मग स्वतःच म्हणाली, "मी पन काय विचारून राहिली." आम्ही वच्छलाला नाल्यावर नेलं. नाल्याकडे जायची वाट त्या फांदीखालून जाते. तिला खांद्यावर घेऊन तिच्याच फुलांवरून चालावं लागलं. त्या दिवशी सकाळपासून ती वेचलेली नव्हती. पायाला ओली लागत होती. चिकट, थंड. मी पुढच्या बाजूला होतो, मान वर करता येत नव्हती, पण फांदी डोक्यावर आली आणि गेली ते मला कळलं.

तेरवी झाल्यावर मी गोंदियाला परत आलो. आमची खोली मालधक्क्याच्या मागं. मागं छोटं परस आहे, त्यात दोडक्याचा मांडव. वेल वाळून गेला होता, दोन दोडके आत खडखडत होते, ते तिनं बियांसाठी ठेवले होते. मी मांडवाखाली बसलो आणि मला मांडवाचा मधला बांबू दिसला. त्यावर खाच आहे. तो आमचा पहिला बांबू. स्वराज्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. कोहमाऱ्याकडे कोणी भाताची गिरणी काढली आणि तिचा बॉयलर गोंदियाला आला. तिकडे जाते ती छोटी रेल्वे, तिच्या डब्यात तो मावेना. शेठनं मला विचारलं, तुझ्याकडून होईल का. मी तोवर सागाचे ओंडके ओढत होतो. बॉयलर मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. हो म्हटलं. घरी येऊन वच्छलाला सांगितलं तर ती म्हणाली, "ते रस्त्यानं त माझं गाव लागते. मी बी येतो." आमच्याकडच्या बायका येतो, जातो असंच बोलतात. रस्ता बघायला मी उदारामचं खाचर मागवलं, त्यात बांबू आडवा मावेना म्हणून तिनं तो हातात उभा धरला. सगळ्या रस्त्यानं ती खाचरात बसून बांबू धरून होती. गोरेगावच्या बाजारात लोक विचारू लागले, "झेंडावंदन कुठं हाय जी?" ती म्हणाली, "तुमच्याच घरी. पोरायले आंघोळी घालून ठेवा." एक म्हातारा म्हणाला, "झेंडा दिसत नाई ना, बाई." तर म्हणाली, "धुवायले देला हाय." मी शरमेनं खाली बघत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. तेव्हा ती बावीस-तेवीसची असेल. वाटेत प्रत्येक झाडाखाली उतरून ती बांबू उभा करायची आणि मी लांब जाऊन बघायचो. "गेली का?" "गेली." "पुढं चला." संध्याकाळी तिच्या फांदीखाली आलो. बांबू उभा केला. खाचेवर दोन बोटं जागा उरली. ती इतकी खूश झाली की तिनं बांबूसकट फांदीला नमस्कार केला.

चार दिवसांनी बॉयलर निघाला. ती गाडीत माझ्या बाजूला बसली, माहेरी उतरायचं म्हणून. सगळी झाडं गेली, तारा गेल्या, आणि तिच्या फांदीखाली येऊन बॉयलर अडकला. वरचं तोंड सरळ फांदीला भिडलं. मला समजेना. मी बांबू काढून उभा केला, तो जात होता. बॉयलर जात नव्हता. मी बांबूकडे बघतच राहिलो. मग त्याचं बूड बघितलं. ताजं कापलेलं होतं. मी ओरडलो, "हे बूड कोणी कापलं?" ती खाली उतरून म्हणाली, "मी कापली. खाच पाडून घरी आणला ना तुम्ही, तवाच. दोडक्याच्या वेलाले खुंटा पायजे होता. वरून नाई कापली जी, खाच हाय म्हणून. खालूनच कापली." मी कपाळाला हात लावला. ती माझ्याकडे बघत होती, तिला खरंच कळत नव्हतं की तिनं काय बिघडवलं. खाच तर तिनं जपली होती. मग मी बांबूचा तेवढा कापलेला तुकडा हातानं दाखवला, बांबू वर उचलला, खाच फांदीच्या वर गेली, आणि तिचं तोंड उतरलं. बिसराम तेव्हा नवा होता, तो इतका हसला की ट्रेलरच्या चाकाला टेकून बसला.

गावातले लोक कुऱ्हाडी घेऊन आले. एवढी फांदी, दोन घावांत उतरेल म्हणाले. वच्छला फांदीखाली जाऊन उभी राहिली. "हे माझं शेत हाय. कोनी शेत कापते का?" उदाराम म्हणाला, "बाई, मोठी गाडी थांबली हाय." ती म्हणाली, "थांबू दे." मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "तूच बांबू कापला ना." ती म्हणाली, "म्हनून मीच सांगतो. फांदी वर नाई जात त गाडी खाली घ्या." मला आधी राग आला. मग मी सडकेकडे बघितलं. मुरुमाची सडक होती. आम्ही चाकांच्या दोन पट्ट्या खणल्या, अलीकडं उतार, पलीकडं चढ, टायरची थोडी हवा काढली. गाडी खाली उतरली, फांदीखालून गेली, वर चढली. ती फांदीखाली हात वर करून उभी होती आणि बॉयलरचं डोकं तिच्या बोटांच्या वरून गेलं. मी आरशातून बघत होतो. माझं सगळं लक्ष बॉयलरवर असायला पाहिजे होतं, पण आरशात मला तिचा हातच दिसत होता, बांगड्यांसकट. पुढं थांबलो तर ती पळत आली आणि खिडकीशी येऊन विचारलं, "घासलं का?" "नाही." "अजिबात?" "अजिबात." नंतर किती माल नेले. रस्त्याचा रोलर, पुलाचे गर्डर, भिलाईच्या कामाची यंत्रं. दर वेळी घरी आलो की ती पाण्याचा तांब्या हातात द्यायची आणि हेच विचारायची. घासलं का? किती मिळाले, कुठं जेवला, कुठं निजला, हे तिनं कधी विचारलं नाही. तेवढं एकच. मी कधी म्हणायचो, "गर्डर थोडा घासला, पुलाच्या कठड्याला." मग ती म्हणायची, "दुखलं असंल त्याले." गर्डरला की कठड्याला, ते मी विचारलं नाही.

वच्छला गेल्यावर शेठनं महिनाभर वाट पाहिली. आताचा बॉयलर धक्क्यावर उभा होता, त्याच्या सावलीत हमाल झोपत होते. मग एक दिवस शेठ खोलीवर आले, दारातच उभे राहिले. "चैतराम, मैं बोलना नहीं चाहता था. बरसात आ जाएगी तो यह माल दिवाली तक यहीं पड़ा रहेगा. तू नहीं जा सकता तो बोल दे, नागपुर से किसी को बुला लेता हूँ." नागपूरचा माणूस आला असता तर त्यानं ती फांदी बघितलीही नसती. कुऱ्हाड पुढच्या गाडीतच असते त्यांच्या. मी म्हटलं, "मैं जाता हूँ." बिसरामला घेऊन बोरटोल्याला गेलो. बांबू होताच, खाच होतीच. फांदीखाली उभा केला. डोळ्यांनी सांगितलं होतं तेच निघालं. खाच फांदीच्या वर हातभर, थोडी जास्तच. बूड तपासलं. कोणी कापलं नव्हतं. मला वाटलं होतं, काय वाटलं होतं सांगता येत नाही, पण मी बूड दोनदा बघितलं.

फुलांचा हंगाम सरत आला होता. बांधीत धुरपताबाई उरलीसुरली वेचत होती. सडकेवर मात्र फुलं पडून होती, जुनी काळी पडलेली, त्यांच्यावर नवी पिवळी, चाकांनी चेंदलेली. मी म्हटलं, "ही काऊन पडली?" म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सडकेवरची हायेत ना ते. मी नाई उचलत. तिची हायेत." उदाराम म्हणाला, "माय, आता तिची कायची? भाऊजीची झाली. भाऊजी, तुम्ही मनाले लावून घेऊ नका, मी कुऱ्हाड आनतो. आजकाल भिलाईच्या गाड्या सुरू झाल्या, सडकवाले सडक रुंद करून राहिले. आज ना उद्या ते कापतीलच." तो वाईट बोलत नव्हता. त्याचं म्हणणं खरंच होतं. म्हातारी म्हणाली, "ते कापतील तवा कापतील. सरकार हाय ते. जवाईनं कापाची का?" मी तिला विचारलं, "मग मी काय करू?" "मले कायले विचारता? तिची होती, तुमची झाली. ज्याची त्यानं पाहावं." आणि ती परत वाकून वेचू लागली.

बिसराम मला बाजूला घेऊन म्हणाला, "उस्ताद, तवाचा बॉयलर पोरगा होता, हा बाप हाय. हातभर खोल उतरवला आन् ट्रेलर तिरपा झाला, त साखळी तुटंल. साखळी तुटली त मी मधात असन." मला ते ठाऊक होतं. मी म्हटलं, "तू मधात राहू नको. लांब उभा राहा." "आन् तुम्ही?" "मी गाडीत." "एका फांदीसाठी?"  तो थोडा वेळ जमिनीवर विळ्यानं रेघा मारत बसला, मग म्हणाला, "वहिनीनं मले एकदा दोडके देले होते, असे कडू होते का सांगू नोको. पन मी खाल्ले. चला, खनू." सडकेचा मुकादम आला, त्याला खणायचं विचारलं. तो म्हणाला, "खन. पन भरून देशीन का? पाऊस आला त इथं डबकं होईन, मोटार फसंन." मी म्हटलं, "मी स्वतः भरून देईन." त्यानं एवढंच विचारलं आणि मी एवढंच सांगितलं.

खणायला वेळ लागला. वरचा मुरुम गेला की खाली जुनी सडक लागली. आधी आम्ही खणली होती ती पट्टी वेगळी दिसत होती, भरलेली माती अजून मऊ होती. एवढ्या वर्षांनी, एवढ्या चाकांखाली दाबून. फावडं तिच्यात सहज गेलं. मी त्या पट्टीवर पायांवर बसलो आणि हातानं माती काढू लागलो, बिसराम फावडं घेऊन बघत राहिला. निघालेली माती आम्ही बाजूला ढीग करून टाकली, सडकेवरच्या फुलांसकट. त्या ढिगावर फांदीवरून नवी फुलं पडत राहिली.

दुसऱ्या दिवशी बॉयलर आणला. जंगलातून येताना मी एकदाही मागं बघितलं नाही, आरशातच बघितलं. फांदीच्या अलीकडं थांबलो, हवा काढली, साखळ्या पुन्हा आवळल्या. गाव गोळा झालं होतं. मी बिसरामला लांब जायला सांगितलं, तो गेला नाही, फांदीखाली जाऊन उभा राहिला. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडली. पुढची चाकं खड्ड्यात उतरली, मग ट्रेलरची उतरली, आणि बॉयलर एका बाजूला कलला. एक साखळी वाजली, ताणलेल्या तारेला टिचकी मारल्यासारखी. मी ब्रेक मारला नाही. ब्रेक मारला असता तर माल पुढं सरकला असता. गाडी चालू ठेवायची, हळू, पण थांबायचं नाही. पोकळ लोखंडावर फुलं पडत होती, एकेक, टप, टप, इंजिनच्या आवाजात ती मला ऐकू येत होती असं आता मी म्हणतो, पण तेव्हा खरंच ऐकू येत होती. आरशात बिसराम हात वर करून उभा होता. त्याचा हात काळा, जाड, केसाळ. मी त्या हाताकडे बघत गाडी खालून काढली. फांदी आणि नळी एकमेकांना लागली, खरड असा आवाज आला, फांदी थोडी वर उचलली गेली आणि सुटली. मग मागची चाकं चढली. "निघाली, उस्ताद!" बिसराम ओरडला. लोक ओरडले.

मी पुढं जाऊन थांबलो. इंजिन बंद केलं नाही. खिडकीची काच खाली होती. मी खिडकीकडे तोंड करून बसून राहिलो. बिसराम साखळ्या बघत होता, उदाराम लोकांना बाजूला करत होता. धुरपताबाई झाडाशी होती, तिनं फांदीच्या सोललेल्या जागेवर ओला चिखल लावायला एका पोरीला वर चढवलं होतं. खिडकीशी कोणी आलं नाही. मी थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणालो, "घासलं. थोडं." आणि तिथं मला रडू आलं, पहिल्यांदा. बिसराम चढून बाजूला बसला, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, समोर सडकेकडे बघत म्हणाला, "चला, कोहमाऱ्याले जेवू."

बॉयलर गिरणीत उतरवला. परत येताना फावडी गाडीतच होती. बोरटोल्याला उतरून खड्ड्याशी गेलो. ढिगावर फुलं साचली होती, शेवटचीच असावीत, कारण झाडावर आता तांबूस पानं फुटली होती. कोणी उचलली नव्हती. खड्डा भरायचा तर माती लोटायची, आणि माती लोटायची तर तीही लोटायची. मी फावडं मातीत घातलं आणि तसंच ठेवलं. बिसराम म्हणाला, "उद्या येऊ." मी म्हटलं, "उद्या येऊ."

त्याला आता बरेच दिवस झाले. परसातले दोडके मी फोडून बिया काढल्या, मृग आला की लावीन. तिनं मांडव कसा बांधला होता ते बघून ठेवलं आहे, खुंटा कुठं, दोरी कुठं. उदारामनं दोनदा निरोप पाठवला, मोटारीचा ड्रायव्हर तिथं आला की शिव्या देतो, म्हातारी रोज संध्याकाळी जाऊन खड्ड्याशी बसते, या एकदा. मुकादमही भेटला, बाजारात, त्यानं नुसतं बघितलं. शेठनं नवा माल सांगितला आहे, याच रस्त्यानं. आज दुपारी पश्चिमेकडं ढग दिसले. बांबू दाराशी उभा आहे, फावडी गाडीत आहेत. सडकेवरचा खड्डा अजून बुजवायचा आहे.